कुंकू लागलेली गन

मला पाळी आलेली असताना मी मशीनला हात लावला, म्हणून ते बिघडलं, असं माझ्या चुलत्याने भर वर्कशॉपमध्ये गिऱ्हाईकासमोर सांगितलं. ही पणजीच्या काळातली गोष्ट नाही. मशीन लेझर वेल्डिंगचं होतं.

वर्कशॉप आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, आणि चुलत्याचं. घर शिवाजी पेठेत आणि शेड शहराबाहेर. काम सगळं स्टेनलेस स्टीलचं, त्यातही जास्त दुधाच्या टाक्यांचं. दोघांची हयात आर्गन वेल्डिंगमध्ये गेली. त्यात दोन पत्र्यांमध्ये फट राहिली तर फिलरची कांडी वितळवून ती भरून काढता येते. लेझरला असले लाड चालत नाहीत. पत्रे एकमेकांना घट्ट भिडलेले नसले तर किरण सरळ फटीतून निघून जातो. चुलत्याला हे पटायचं नाही. फट तो ठेवायचा आणि शिव्या मशीनला घालायचा.

मी तिथे बिलं करायला जात होते. रोज तेच बघून वैताग आला आणि एकदा गॉगल चढवून मशीनची गन हातात घेतली. आधी पत्र्याच्या कडा घासून सरळ केल्या, क्लॅम्प आवळले आणि मग ट्रिगर दाबला. आबांनी जोडाच्या शिवणीवरून अंगठा फिरवला, परत एकदा फिरवला आणि म्हणाले, "आजपासनं गन हिच्याकडं." चुलत्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मला मात्र त्या दिवशी घरी जाताना रस्ता अपुरा वाटत होता, इतकी मी खूश होते.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हातोड्यापासून ग्राइंडरपर्यंत सगळं धुऊनपुसून मांडतात. पूजेचा मान चुलत्याचा. मला नेमकी पाळी आली होती. आई म्हणाली, "आज नगं जाऊस." मी गेले. आई ते चुलतीजवळ बोलली, आणि चुलतीच्या पोटात काही राहत नाही.

दसरा झाल्यावर शेड उघडली. मुरगूडच्या एका दूध संस्थेची टाकी द्यायची होती, झाकणाची तेवढी शिवण राहिली होती. संस्थेचा माणूस टेम्पो घेऊन दारात उभा होता. मी गन लावली आणि शिवण काळी पडली. पत्रा वरवर चिकटला, आत काही गेलंच नाही. हाताने ओढला तर सुटून आला. परत लावली, परत तेच.

चुलता याचीच वाट बघत होता. "पावणं, मनावर घिऊ नका," तो त्या माणसाला म्हणाला. "पोरीला अडचण हुती. तसंच पूजंला येऊन मशीनला हात लावलाय. आता दुधाची टाकी हाय ही, नासंल न्हवं का समदं? गन काढून घे रं हिच्या हातातनं."

शेवटचं वाक्य आबांना होतं. आबा माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "व्हय काय गं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आबांनी विचारावं याचं जास्त लागलं. रडू येत होतं, पण तिथे रडले असते तर गन गेली असती, कायमची.

"व्हय, हुती अडचण," मी म्हटलं, बाहेर टेम्पोपर्यंत ऐकू जाईल असं. "दर महिन्याला असती. गेल्या महिन्यातबी अडचणीतच टाक्या जोडल्या, तवा कुणी इचारलं न्हाय. आणि काका, मुरगुडात म्हशीच्या धारा कोण काढतंय? बायकाच की. चार दिस म्हस थांबती व्हय त्यांच्यासाठनं?"

टेम्पोवाला पावणा फिस्सकन हसला. चुलता लालबुंद झाला.

मी मशीन बंद केलं, पंखा बंद करायला लावला आणि गन उघडली. गनच्या आत एक लहानशी काच असते, किरण तिच्यातून बाहेर येतो. तिच्यावर धुळीचा कण बसला तरी ती जळते. आमची काच मधोमध काळी ठिक्कर पडली होती. आणि गनच्या तोंडाशी, तांब्याच्या टोकाच्या आत, वाळलेलं कुंकू चिकटलं होतं. हातोड्याला ओढावीत तशी चुलत्याने ओल्या कुंकवाची बोटं गनच्या तोंडात ओढली होती.

मी ते टोक आबांच्या तळहातावर ठेवलं. चुलता म्हणाला, "कुंकवानं कुठं काय हुतंय?" आजही तो तेच म्हणतो. म्हणू दे.

नवं टोक लावलं, नवी काच बसवली आणि झाकणाची शिवण मारली. या वेळी आबांनी अंगठा फिरवला नाही. ते आत जाऊन पावण्यासाठी चहा सांगून आले. टाकी मुरगूडला गेली आणि दूध काही नासलं नाही.

यंदाच्या खंडेनवमीला मी गनचं तोंड आधी टोपण लावून बंद केलं आणि कुंकू मशीनच्या चाकांना लावलं. चुलता दारातूनच ओरडला, "बरी हाईस न्हवं आज?"

"न्हाय," मी म्हटलं. "दुसरा दिवस हाय."

आमच्यात नारळ बायका फोडत नाहीत, तो पुरुषांनीच फोडायचा. आबांनी ताटातला नारळ उचलला, चुलत्याकडे एकदा बघितलं आणि माझ्या हातात दिला.

एका फटक्यात काही तो फुटला नाही. पुन्हा पुन्हा आपटावा लागला. पण फोडला मीच.