दुःखी चेहऱ्याची चौकशी

अन्याय झाला तो आमच्या मुलुंडच्या शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांवर. सत्याऐंशीच्या जुलैतला तिसरा शनिवार, सकाळी साडेदहा. त्या वेळी मास्तर शाळेच्या ऑफिसात उभे राहून, चौकशी समितीच्या हुकमावरून, दुःखी चेहरा करून दाखवत होते.

मास्तरांना तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. आमच्याच चाळीत, जिन्याखालच्या खोलीत राहायचे. बोलताना त्यांची नजर समोरच्याच्या डोळ्यांवर नसायची, केसांवर असायची. "आधी केस काढ रे. तोंड मागसून गावता," असं मालवणीत सांगायचे. घाबरलेल्याचे केस ताठ, रुसलेलीची एक बट कपाळावर, लबाडाचा भांग सरळ.

"लबाडाचाच का सरळ?" मी विचारलं.

"त्याका येळ असता."

पाण्याच्या मोर्चाची पत्रकं मी लिहायचो, सायक्लोस्टाइलच्या स्टेन्सिलवर चित्रं मास्तर काढायचे. एकदा म्हटलं, "मास्तर, पाणीखात्याचा साहेब राक्षस दाखवा ना." त्यांनी बशीएवढे डबडबलेले डोळे काढले, वर उडालेले चार केस. पत्रक बघून बायका म्हणाल्या, "अगं, ह्याच्याच घरी पाणी येत नसेल." निम्म्या जणी मोर्चाला आल्याच नाहीत. मी जाम भडकलो.

मास्तर म्हणाले, "मी त्याका बघून इलंय. तो तसोच आसा."

वर्गात त्यांचा नियम एकच: जो चेहरा काढायचा तो आधी आपण करायचा. चेहऱ्यांना नंबर होते. पहिला हसरा. दुसरा रागीट. तिसरा दुःखी, म्हणजे भुवया मधून वर आणि खालचा ओठ जमेल तितका बाहेर. अख्खा वर्ग दुसरा नंबर करून बसलेला बघून शिपाई एकदा नोटीस न देताच परत गेला.

मग शाळेचे म्हातारे ट्रस्टी वारले. पटांगणात शोकसभा. हेडमास्तरांनी माइकवरून बजावलं, "कुणी हसायचं नाही. चेहरे दुःखी ठेवा."

सहावी ब मधून आवाज आला, "सर, तिसरा ना?"

आणि दोन मिनिटांच्या शांततेत सगळ्या शाळेने तिसरा केला. ट्रस्टींच्या मुलाने मध्येच डोळे उघडले. समोर ओळीने बाहेर आलेले खालचे ओठ! त्याला वाटलं, शाळा आपल्या बापाला वेडावतेय.

वेडावत नव्हती हो! ट्रस्टी दर झेंडावंदनाला स्वतःच्या हाताने पेपरमिंट वाटायचे. पोरांचा जीव होता त्यांच्यावर. पुढच्या रांगेतली एक मुलगी खरंच रडत होती. रडता रडता ओठ आत जाऊ नये म्हणून तिने तो चिमटीत धरला होता.

ट्रस्टींच्या मुलाच्या तक्रारीवरून बसलेली समिती म्हणाली, "शिकवता तो चेहरा करून दाखवा." मास्तरांनी केला. समितीतले तिघेही फिस्सकन हसले. एकाला ठसका लागला, पाणी आणावं लागलं. आणि ठरावात काय लिहिलं? "सदर शिक्षकाने समितीस हसवून चौकशीचा अवमान केला." मास्तरांना कामावरून काढलं. ठरावाला पालकांचा अर्ज जोडला: मुले घरी तोंडे करतात.

मी त्यांच्या खोलीवर गेलो. "मास्तर, लढायचं. पत्रक काढतो. वर तुमचा चेहरा टाकू."

त्यांनी स्टेन्सिल घेतला. मग परत दिला. "माझो चेहरो माका जमणा नाय रे."

आठवड्याने खोलीला कुलूप. गावी गेले म्हणतात. म्हणून या पत्रकावर चित्र नाही.

चित्रकलेच्या तासाला आता गणित घेतात.

पालकांनो, त्या अर्जावर तुमच्या सह्या आहेत, मी वाचल्यात. धाकटा भाऊ त्याच शाळेत, म्हणून माझ्या वडिलांचीही आहे, आणि त्यावरून आमच्या घरी भांडण चालू आहे. सोमवारी शाळेत जा. अर्ज मागा. देत नाहीत तोवर ऑफिसातून हलू नका. आणि आपली सही आपल्या हाताने खोडून या.