भोंग्याचं होय

गिरणीत सगळे त्याला भोंगा म्हणत. मागांच्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी शेजारच्याला कळायचं नाही, याचा आवाज मात्र थेट फाटकापर्यंत जायचा. त्या घशाच्या जोरावर त्यानं संघटना बांधली, संप केला, बारा तासांची पाळी आठवर आणली आणि आमदार झाला. तिथे मात्र तो घसा फारसा कामी आला नाही. तिथे मान डोलावली की भागतं.

बाकीचे विणकर आवाज न काढता, नुसत्या ओठांनी बोलत. त्याची बायको शेजारच्याच मागावर होती. लग्नाचंही त्यांनी असंच ठरवलं, धोटा इकडून तिकडे पळत असताना. ती सवय घरीही सुटली नाही. जगाशी ती मोठ्यानं बोले, त्याच्याशी फक्त ओठ हलवून. सासूबाई चिडायच्या, "माझ्याच चुगल्या चालल्यात वाटतं!"

आज सभागृहात पाळी पुन्हा बारा तासांची करायचं विधेयक होतं. विरोधात गेलात तर पुढचं तिकीट विसरा, असं पक्षानं सकाळीच बजावलं होतं. बायकोची धाकटी बहीण अजून त्याच मागांवर उभी होती. बायको काही न विचारता आली आणि प्रेक्षकांच्या सज्जात बसली. तिथे बोलायला बंदी. पण बंदी तिचं काय वाकडं करणार? त्याची नजर वर गेली, तसे तिचे ओठ हलले.

"अहो, नाही म्हणा."

शेजारच्या पहारेकऱ्याला पत्ताही लागला नाही. त्याला मात्र स्वच्छ कळलं. कळून काहीतरी व्हायला हवं होतं. काहीच झालं नाही. मुंग्या येऊन बधिर झालेला पाय आपला वाटत नाही, तसं त्याला स्वतःबद्दल वाटत होतं.

अध्यक्ष म्हणाले, "बाजूनं असतील त्यांनी होय म्हणावं."

"होय," तो म्हणाला. इतकं हळू, की बाकावरच्या शेजाऱ्यालाही ऐकू गेलं नसेल. सज्जात तर शक्यच नव्हतं. पण तिला आवाज कशाला हवा होता? ती उठली आणि निघून गेली.

तो घरी आला तेव्हा ती ओट्याशी उभी होती. तो नेहमीसारखा दारात थांबला, तिचा चेहरा दिसेल अशा बेतानं. ती वळली नाही.

"आमदारसाहेब," पाठमोरीच ती मोठ्यानं म्हणाली, "जेवायला वाढू का?"