रेखा लांजीत बोलली

गोंदियापलीकडचं, राज्याच्या सीमेवरचं आपलं लांजी मी शिकायला सोडलं तेव्हा बाबा पुण्यापर्यंत सोबत आले होते. गोंदियाची बस सुटताना आईनं खिडकीतून चिवड्याचा डबा दिला आणि म्हणाली, "पोचल्यावर फोन करजो." पुण्यात बाबांनी होस्टेलची खोली पाहिली, मेसमध्ये जेवले, वॉर्डनबाईंशी हिंदी-मराठीच्या खिचडीत बोलले. मला लाज वाटत होती. निघताना म्हणाले, "पोरगी कुठं राह्यते ते आपल्या डोळ्यानं पाह्यलं. आता मले झोप येईन."

लांजीत राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे बाहेर पडून पुण्या-हैदराबादला रुळलेल्यांनो, तुम्हाला एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

कॉलेजात मी "मले" म्हटलं की वर्ग हसायचा. मी "मला" शिकले. समाजकार्याचा कोर्स केला आणि फसवून धंद्यात ढकललेल्या बायकांच्या निवारागृहात नोकरीला लागले. बाबा गेले, आई भावाकडे रायपूरला गेली, लांजीच्या घरात भाडेकरू आले. गावाला जायचं कारणच उरलं नाही.

मग रेखा आली. हे तिचं खरं नाव नाही. विशीतली पोरगी, पोलिसांनी एका लॉजमधून सोडवलेली. काहीही विचारलं तरी "पता नहीं" एवढंच म्हणायची. एका सकाळी मी तिला चहा दिला, तर ती पुटपुटली, "लय गरम हाये. मले थंडा झाल्यावर द्या."

मी पुण्याची मराठी विसरले. "तू कोनच्या गावची वं?"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी लांजीकडच्या आहा का?"

त्या दिवशी आम्ही दोघी रडलो, आणि मग ती बोलू लागली. गावातल्या लग्नांना येणारी एक ओळखीची बाई, सगळे तिला मावशी म्हणायचे. पुण्यात कपड्याच्या कारखान्यात पॅकिंगचं काम आहे म्हणाली. आईनं आनंदानं पाठवलं. पोचताच रेखाचा मोबाइल काढून घेऊन तिला त्या लॉजवर डांबलं, आणि ती बाई मात्र तिच्या आईला सांगत राहिली की पोरगी मजेत आहे.

"मी हासत हासत तिच्यासंग गेलती," रेखा म्हणाली. "मंग चूक माहीच ना?"

"नाई. तू भरोसा केला. फसवलं तिनं."

हे तिला पटायला फार वेळ लागला. तिची आई भेटायला आली तेव्हा रेखा दाराआड लपली होती. आईनं तिला ओढून जवळ घेतलं. "तू जिती हायेस ना? बस." पुढे रेखानं कोर्टात साक्ष दिली, बेकरीत काम धरलं. आणि एक दिवस म्हणाली, "मले लांजीत बोलायचं हाये."

गेल्या आठवड्यात आम्ही गेलो. समाजभवन बायका-मुलींनी भरलं होतं. मी रेखाला सांगून ठेवलं होतं, चेहरा दाखवायची गरज नाही, ऐन वेळी नको वाटलं तरी चालेल. ती उठली आणि तोंडावरचा स्कार्फ तिनं काढला. तिचा आवाज स्थिर होता. "मले अनोळखी मानसानं नाई नेलं. आमच्या घरी जेवलेल्या बाईनं नेलं."

ती बसायच्या आत मागून एक मुलगी उभी राहिली. "मी सोमवारी सुरतले चालली. होटलात रिसेप्शनचं काम हाये."

शेजारी तिची आई होती. "कामावर नेनारा मानूस ओळखीचा हाये आमच्या," आई घाईनं म्हणाली.

"मंग फोन लावा," रेखा म्हणाली. "होटलचं नाव विचारा. तुमी बी संग येता म्हना."

आईनं स्पीकरवर फोन लावला. नाव विचारल्यावर तो म्हणाला, "पहुँचने के बाद बता देंगे." आई म्हणाली, "मैं भी साथ आऊँगी." तो चिडला. "आपका क्या काम? लड़की को अकेले भेजो." फोन कटला. पुन्हा लावला तर बंद.

आईनं पोरीचा हात घट्ट धरला. अंगणवाडीच्या ताई दोघींना घेऊन तडक पोलीस ठाण्यात गेल्या. नंतर कळलं, त्याच्यासोबत आणखी काही मुली जाणार होत्या. त्या सगळ्या आज आपापल्या घरी आहेत. हे लिहितानाही मला उठून नाचावंसं वाटतं.

दुपारी रेखाच्या घरी जेवलो. आजूबाजूच्या बाया येऊन बसल्या, धानाबद्दल बोलल्या, तिच्या ताटात आणखी भात वाढला. मी धास्तावून वाट पाहत होते, पण तिला नको तो प्रश्न कोणीही विचारला नाही.

मी पुण्याला परतले, रेखा तिथंच थांबली. आज सकाळी तिचा फोन आला, तिकडच्याच, आपल्या जिल्ह्यातल्या खैरलांजीच्या बायांनीही बोलायला बोलावलंय. मी जाणारच. फक्त लांजीत उतरायचं कुठं, हा प्रश्न होता, म्हणून संकोचानं विचारलं, "तुमच्याकडे राहिले तर चालेल का?"

"काहून विचारता ताई?" ती म्हणाली. "घरी यायले कोनी विचारते का?"