खाडीला शालू कोण नेसवतं?

मराठीत लिहिणाऱ्या माणसाला निसर्गाचा आनंद झाला की तो आधी शालू काढतो. डोंगर दिसला, हिरवा शालू. शेत दिसलं, हिरवा शालू. अरे, साड्यांचं दुकान आहे का हे? पूर्वी मी नुसती चिडायची आणि पान उलटायची. गेल्या दिवाळीत मात्र तोच शालू माझ्या नावावर छापून आला, आणि तोही माझ्या बापाच्या खाडीला नेसवून.

पनवेलच्या एका दिवाळी अंकासाठी मी बाबांवर लेख लिहिला होता. विषय अंकाचाच होता, निसर्गातला आनंद. बाबांचं खाजण होतं, म्हणजे खाडीच्या कडेला बांध घालून राखलेली भातशेती. उधाणाच्या भरतीला ते बांधावर जाऊन उभे राहायचे, पाय काळ्या चिखलात रुतलेले, आणि पाणी चढायला लागलं की ओरडायचे, "आली गो सटवे! कवरं पानी आनलंस! बांध खातेस काय माजा, भवाने?" चेहरा असा फुललेला असायचा की आई म्हणायची, मला नाय कदी अशी हाक मारली. आमच्याकडे ज्याच्यावर जीव त्यालाच शिव्या मिळतात. अहो-जाहो परक्यांसाठी.

हे सगळं मी जसंच्या तसं लिहिलं होतं. चिखलाचा तो कुबट वास, बिळात हात घातल्यावर चिंबोरीनं नांगीत धरलेलं बोट, त्यावर बाबांनी चिंबोरीची काढलेली सात पिढ्यांची अब्रू, सगळं.

खाजण कधीच भरावाखाली गेलं. आता आम्ही खांदा कॉलनीत चौथ्या मजल्यावर राहतो. बाबांना डोळ्यांनी दिसत नाही. खाली बाकावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांना त्यांनी सांगून ठेवलं होतं, पोरीनं मला पुस्तकात घातलाय. मला रोज विचारायचे, "आला का गो छापून? खाजण गेला, आता तुज्या पुस्तकात तरी रावदे." दुसरं काही मागणं नव्हतं त्यांचं.

अंक आला त्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. समोरच्या फ्लॅटमधल्या काकांना ऐकायला बोलावलं. मी तिथल्या तिथे पाकीट फोडलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. "सृष्टीने हिरवा शालू परिधान केला होता." मी थबकले. खाजणात शालू? पुढे वाचलं तर चिखलाचा वास जाऊन मृद्गंध आलेला, चिंबोरी गायब, आणि माझा बाप काठावर हात जोडून म्हणतोय, "हे जलदेवते, आपले स्वागत असो!"

तिथेच अंक मिटायला हवा होता. पण बाबा मान पुढे करून, कान देऊन बसले होते, काका बघत होते, आणि मला माझा मूळ लेख तोंडपाठ असूनही त्यातला एक शब्द आठवेना. छापलेलं तेच वाचत गेले. काका म्हणाले, "वा! काय भाषा आहे!" बाबांनी अंकासाठी हात पुढे केला. काका गेले तशी मी गॅलरीत जाऊन संपादकांना फोन लावला.

"ताई, जरा संस्कार केले," ते म्हणाले. "निसर्गाला कुणी शिव्या देतं का? वाचकाला प्रसन्न वाटायला हवं."

"माझा बाप देतो! खूश झाला की देतो!"

"अहो, पण छापील अक्षरात ते शोभत नाही."

माझं तोंड सुटलं. म्हटलं, तुमच्या सात जन्मांत कधी चिखलात पाय घातलाय का? आनंद काय फक्त धुतलेल्या कपड्यांतल्या माणसांनाच होतो? तुम्हाला वास नको, शिवी नको, चिंबोरी नको, मग निसर्ग हवाय कशाला? लग्नाचा हॉल घ्या की! ते म्हणाले, तुम्ही भावनेच्या भरात आहात, आणि फोन ठेवला. मी एवढी पेटले होते की मोबाइल खाली फेकायचाच बाकी होता. खालच्या मजल्यावरची बाई वर बघायला लागली.

आत आले तेव्हा बाबा अंक मांडीवर घेऊन पानांवरून बोटं फिरवत होते. माझी चाहूल लागली तसं त्यांनी मान वर केली. त्यांना माझं मन राखायचं होतं, हे मला आवाजावरूनच कळलं.

"चांगला हाय," ते म्हणाले. "मानूस बरा दिसतो. खाडीशी कवरा आदबीनं बोलतो. कुनाचा बाप गो ह्यो?"

मी त्यांच्याजवळ खाली बसले.

"बरं, रावदे," बाबा म्हणाले. "आपला कदी छापतील?"