दोन डब्यांमधली शीव

रेल्वेच्या दोन डब्यांच्या जोडावर उभं राहून गाऱ्हाणं घालणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला आहे. इतकंच नाही, तर त्याच्या मागे उभा राहून, कुणी ओळखीचं बघत नाही ना याची खात्री करून, हळूच 'व्हय म्हाराजा' म्हटलंही आहे.

ते आमचे तात्या. माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. भाट्याच्या खाडीपासून आत, चढावर आमची वाडी आहे, आणि तिथल्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान तात्यांच्या घराकडे. एकानं देवापुढे मोठ्यानं विनंती मांडायची आणि बाकीच्यांनी वाक्यावाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. पण तात्यांनी हा मान देवळापुरता ठेवला नाही. विहिरीला पंप बसला, गाऱ्हाणं. नातवाचा दहावीचा निकाल, गाऱ्हाणं. आणि कोकणात गाडी आल्यापासून, जोडावरचं गाऱ्हाणं.

त्याला त्यांचं शास्त्र होतं. "एक डबा संपला, दुसरा अजून लागला नाय. मंग मधी काय? मधी शीव. शिवेवर कोण ना कोण राखणदार असतोच. त्याच्या कानावर घातल्याबिगर पाय टाकायचा नाय."

वेशीवर मारुती बसलेला असतो, मग जोडावर कोण बसतो, असं मी एकदा विचारलं होतं. तात्या म्हणाले, "नाव मला कशाला हवं? मी काय त्याला रेशनकार्ड देणार हाय?"

खरं सांगायचं तर त्या जागेत काहीतरी आहेच. दोन्ही बाजूंना काळ्या रबराच्या जाड घड्या, लोहाराच्या भात्यासारख्या. गाडी वळणावर आली की एका बाजूच्या घड्या मिटतात, दुसरीकडच्या ताणतात. पायाखाली एकमेकांवर घासणारे दोन लोखंडी पत्रे. भाद्रपदातला पाऊस बाहेर धो धो कोसळत असतो, बोगद्यांच्या तोंडाशी डोंगर गळत असतो, आणि त्या घड्यांच्या आत माणूस कोरडा. तात्या त्या रबरावर म्हशीच्या पाठीवर मारावी तशी थाप मारत. "भायेर बघ कसा बोंबलतोय पाऊस. आणि हितं एक थेंब नाय. ह्येला म्हंतात राखण."

दरवर्षी गणपतीच्या आधी पंधरा दिवस तात्या मुंबईला मुलाकडे, विलासकडे जात, ते वाडीतल्या चाकरमान्यांना घेऊनच परत येत. "गणपती हितंच घडतो. माणसं मातुर मुंबयसनं आणावी लागतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सगळ्यांची तिकिटं एका गाडीची, पण डबे कधी एक नसत. गाडी सुटली की तात्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निघत. कोण चढलं, कोण राहिलं, कोणाच्या सुनेला गाडी लागते, सगळं बघत. आणि प्रत्येक जोडावर थांबत.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या दोन डब्यांच्या मधी जो कोण तू बसला असशील..."

"व्हय म्हाराजा!"

"...तुझी लेकरा तुझ्या अंगावरनं जातायत, त्यांचा पाय घसरू देव नको. पोरांची बोटं पत्र्यात जाव देव नको. जे भांडून निघाले असतील ते रत्नागिरी येईपर्यंत बोलते होव देत रे म्हाराजा!"

मागे अडकलेला चहावाला एकदा वैतागून म्हणाला, "आजोबा, आटपा, चहा गार होतोय." तात्यांनी डोळे न उघडता पुढचं वाक्य घातलं, "आणि ह्या लेकराच्या चहात चार दाणे पावडर जास्त पडू दे." सगळ्यात मोठ्यानं 'व्हय म्हाराजा' त्या चहावाल्यानंच म्हटलं.

तात्या नेमाचे कडक, आणि त्या नेमाची जाहिरात करण्यात त्याहून कडक. गाडीत पाय ठेवल्यापासून गणपती पाटावर बसेपर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, हे व्रत. कुणी डबा उघडला की तात्या मुद्दाम समोर जाऊन बसत आणि सांगत, "खा तुम्ही. माझ्या मनात पण येत नाय."

आता जे लिहायचं आहे ते पाचेक वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

त्या वर्षी माझ्या मुलीचं लग्न ठरत आलं होतं. होणारे व्याही पुण्याचे. आमचं गाव, घर, गणपती बघायला म्हणून ते दोघं नवरा-बायको आमच्याबरोबर निघाले. मी एसीची तिकिटं काढली. वाडीची मंडळी पलीकडच्या साध्या डब्यांत. व्याही फार सभ्य, हळू बोलणारे. दादरपासून मी त्यांच्याशी माझ्या नेहमीच्या नसलेल्या भाषेत बोलत होतो. आणि माझ्या मनात एकच धाकधूक, की आत्ता तात्या येणार, धोतर वर खोचून, आमच्या डब्याच्या तोंडाशी उभे राहणार आणि आरोळी ठोकणार.

पनवेलच्या पुढे ते एकदा येऊन गेलेच. सुदैवाने व्याही झोपलेले होते. गाऱ्हाण्याच्या आवाजानं ते जागे झाले तेव्हा तात्या परत फिरले होते.

"कोण होते हो?" त्यांनी विचारलं.

"वाडीतले एक," मी म्हणालो.

चिपळूण गेलं तसा मी उठलो आणि डब्यातल्या चादरी वाटणाऱ्या माणसाला सांगितलं, जोडावरचं शटर खाली घे, पलीकडची माणसं उगाच ये-जा करतात. त्यानं एका झटक्यात ते खाली ओढलं. मी जागेवर येऊन बसलो. मला बरं वाटलं, हेही लिहितो.

रत्नागिरीला उतरलो तर फलाटावर विलास धावत आला. "तात्या कुठायत?"

"माझ्याकडे नाहीत."

"अरे सुऱ्या, तुझ्याकडेच जातो म्हणून उठले. पिशवी जागेवर, चपला जागेवर. मला वाटलं तिकडेच बसले."

मी परत डब्यात चढलो. शटर उघडायला लावलं. जोडावर कुणी नव्हतं. एका कोपऱ्यात रबराची घडी फाटली होती, तिथून पाऊस आत येत होता आणि पत्रे ओले, निसरडे झाले होते. दोन पत्र्यांच्या कडेला हात जाईल एवढी फट होती. त्या फटीतून मी खाली पाहिलं. काळी खडी, रूळ, पाणी. आणखी काही दिसेल या भीतीनं मी किती वेळ बघत राहिलो, कोण जाणे. मागून व्याह्यांचा हात खांद्यावर पडला तेव्हा भानावर आलो. "तुमचे कोण ते?" त्यांनी हळूच विचारलं. मी उतरून विलासकडे धावलो.

स्टेशनवर सांगितलं. मागच्या स्टेशनांना फोन गेले. वाडीत गणपती दारात, पण आत घ्यायला गाऱ्हाणं घालणारा नाही. बायका रडू लागल्या होत्या. मी अंगणातल्या खळ्याच्या कडेला उभा राहून मनात एकच वाक्य जुळवत होतो, 'शटर मी पाडायला लावलं,' आणि ते तोंडाशी येऊन परत जात होतं.

दिवेलागणीला चढावरून एक टेम्पो घरघरत आला. त्यात दुसऱ्याच कुठल्या तरी वाडीचा गणपती, आणि त्याच्या शेजारी अनवाणी, चिंब भिजलेले तात्या. उतरता उतरताच ओरडले, "रडताय कशाला? गणपती भायेर ठेवलाव आणि रडताय!"

सगळे त्यांच्यावर तुटून पडले. कुठे होतात, कुठे उतरलात? तात्या म्हणाले, "संगमेश्वराला. सुऱ्याच्या डब्यात चाललो होतो. आतनं वाट नव्हती, म्हणून फलाटावरनं निघालो. गाडी थांबते का कुणासाठी?"

आतनं वाट नव्हती. मला पुढचं ऐकू आलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं, की बघा, म्हाताऱ्याचा पुतण्यावर किती जीव. मी खाली वाकून तात्यांचे पाय पुसले. पण बोललो नाही. आज नको, गणपती जाऊ देत, असं म्हणत राहिलो, आणि गणपती दरवर्षी येत-जात राहिले.

मुलीचं लग्न झालं. नोकरीतून मोकळा होऊन मी रत्नागिरीत राहायला आलो. तात्यांना शाल नेऊन दे, गुडघ्याचं तेल नेऊन दे, दवाखान्यात ने, असं चाललं होतं. तात्या काकूला सांगत, "ह्यो सुऱ्या हल्ली माझ्याशी जावयासारखा वागतो. काय तरी मागायचं असणार." काकू गेल्या, तात्यांचे गुडघे पार गेले, आणि यंदा गणपती झाल्यावर विलास त्यांना मुंबईला न्यायला आला. कायमचं. घराला कुलूप लावताना तात्यांनी गाऱ्हाणं घातलं ते मी लिहीत नाही.

मीही सोबत निघालो. सामानाला हात लागेल, असं कारण सांगितलं. विलासनं या वेळी एसीची तिकिटं काढली होती. गर्दीत चुकून आम्ही साध्या डब्यात चढलो, तेव्हा आतूनच जावं लागलं. विलास बॅगा घेऊन पुढे गेला, मागे मी नारळांची गोणी ओढत. जोडाशी आलो तर शटर वर होतं, आणि तात्या सवयीनं थांबले. एक हात रबरावर, दुसरा जोडायला वर. मला वाटलं, आता नाही तर परत हा माणूस मला इथे कधी मिळणार?

"तात्या, थांब. आधी माझं ऐक."

"बोल. पण लवकर, पाय दुखतायत."

"त्या वर्षी तू संगमेश्वरला राहिलास ना, तेव्हा हे शटर मी पाडायला लावलं होतं. तू आमच्या डब्यात येऊ नयेस म्हणून."

नेमकी गाडी बोगद्यात शिरली. जोडावर बोगद्याचा आवाज म्हणजे डोक्यावर पत्रे ओतल्यासारखा. तात्या कानामागे हात धरून उभे. मला ते सगळं पुन्हा, ओरडून सांगावं लागलं, आणि माझं शेवटचं वाक्य बोगदा संपल्यावरच्या शांततेत पडलं. संडासाच्या रांगेतली चार माणसं माझ्याकडे बघायला लागली.

"कुठला शटर?" तात्या म्हणाले.

"हे. तूच म्हणालास ना, आतनं वाट नव्हती?"

तात्यांनी त्या माणसांकडे पाहिलं, मग विलास लांब गेलाय याची खात्री केली आणि माझ्या अगदी जवळ आले. "सुऱ्या, मी हितपत्तर आलोच नव्हतो रे. संगमेश्वराला फलाटावर वडे तळत होते."

"काय?"

"वडे! वास आला तो सरळ पोटात. आदल्या रातीपास्न काय नव्हतं पोटात. उतरलो. दोन खाल्ले. तिसरा कढईत होता."

"आणि तुझा नेम?"

"तेच तर! वाडीला काय सांगू, वड्यापायी गाडी चुकली? निघालो होतो तुझ्याकडंच, मंग वाटेत सुचलं, आतनं वाट नव्हती म्हणायचं आणि तुझं नाव घ्यायचं. तू सायेब माणूस, तुझं नाव घेतलं की पुढं कोण इचारत नाय. आणि मंग तू शाली आणायला लागलास. मला वाटायचं, ह्या पोरानं माझ्या लबाडीपायी उगाच जीवाला लावून घेतलान."

मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. पाच वर्षं मी त्या फटीतून खाली बघत होतो, आणि हा माणूस फलाटावर तिसऱ्या वड्याची वाट बघत उभा होता. पण तात्या हसत नव्हते.

"शटर पाडलास ते मातुर खरं?"

"खरं."

"लाज वाटली आमची?"

"वाटली."

"व्याह्यांस काय सांगितलंस, मी कोण म्हणून?"

मी तेही सांगितलं. 'वाडीतले एक' हे शब्द तात्यांनी तोंडातल्या तोंडात एकदा म्हणून बघितले. गाडी वळणावर आली, आम्ही दोघंही रबराला टेकलो. मग त्यांनी डोळे मिटले आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

मी 'व्हय म्हाराजा' म्हटलं. रांगेतल्या एका माणसानंही म्हटलं.

"ह्या सुऱ्यानं आपल्या चुलत्याला वाट बंद केलान!"

तात्यांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. मी मोठ्यानं म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

"आणि चुलत्यानं नेम मोडून वडे खाल्लान, आणि त्याच तोंडानं गणपतीपुढं उभा ऱ्हायला!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी रांगच्या रांग ओरडली.

"दोघांनी एकमेकास फशवलान. आता दोघांचं हितंच वजा कर, आणि दोघांस पलीकडं जाव दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

माझा आवाज इतका मोठा निघाला की पुढे गेलेला विलास घाबरून परत आला. "काय झालं?"

"काय नाय," तात्या म्हणाले, "सुऱ्याच्या डोस्क्यावरचं ओझं उतरलं." मग माझ्याकडे वळून, पायाशी ठेवलेल्या नारळांच्या गोणीकडे बोट दाखवत म्हणाले, "हलका झालास ना? मंग ही उचल."