जब्बारभाईंचा उजवा कान

१४ जून २०१२. रुपये अडुसष्ट हजार चारशे पन्नास फक्त. जब्बारभाई आतारांच्या डोक्यात बसवायच्या झडपेची ही पावती मीच फाडली. रुग्णालयाच्या कॅश खिडकीवर मला तेव्हा सत्तावीस वर्षं झाली होती. साधी झडप नऊ हजारांत येते हे ठाऊक असल्याने मी त्यांच्या बायकोला, नसीमभाभींना, पैसे भरण्याआधी पुन्हा विचारून यायला सांगितलं.

डॉक्टर हेमा दांडेकरांनी त्यांना समजावलं. मेंदूत पाणी साचतंय, ते नळीने पोटात सोडायचं. साधी झडप एका ठरावीक दाबालाच उघडते. हिचा दाब कातडीवरून चुंबक फिरवून बदलता येतो. दाबाचा आकडा जास्त राहिला तर पाणी तुंबतं. फार कमी झाला तर पाणी जास्त वाहून मेंदूभोवती रक्त साचतं. भाभींनी पाटल्या मोडून पैसे भरले.

जब्बारभाई माझ्या शेजारचे. नारायण पेठेत चाळीस वर्षं त्यांचं स्पीकर दुरुस्तीचं दुकान. त्या वर्षी पाय जमिनीला चिकटल्यासारखे चालायचे, गिऱ्हाइकांची नावं विसरायचे. झडपेतल्या चुंबकाचं ऐकून म्हणाले, "म्हणजे डोक्यात माझाच माल बसवणार की."

सुरुवातीला आकडा एकशे साठवर ठेवला होता. जुलैत डॉक्टरांनी तो एकशे तीसवर आणला आणि एक्स-रे काढून खात्री केली. पंधरा दिवसांत जब्बारभाई काठी न घेता दुकानात आले. मला नावाने हाक मारली आणि आदल्या वर्षी मी दुरुस्तीला आणलेल्या मिक्सरबद्दल टोमणाही मारला.

चुंबक डोक्यापासून हातभर लांब ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जब्बारभाईंनी दुकानातल्या टेबलावर खडूने रेघ ओढली आणि स्पीकर रेघेपलीकडे ठेवून हात लांब करून काम करू लागले. भाभी रोज ती रेघ पुन्हा ठळक करायच्या.

ऑगस्टअखेर, मंडळांची कामं तुंबलेली असताना, मी माझा घरचा स्पीकर नेऊन दिला. आवाज खरखरत होता. त्यांनी कॉइल बदलली, तीही रेघेपलीकडेच. मग नेहमीसारखा स्पीकर उचलला, मागची चुंबकाची बाजू कानाला टेकवली आणि बोटांनी पडदा हळूच दाबून कॉइल घासते का ते ऐकलं. डावा कान कर्ण्यांनी कधीच गेला होता, म्हणून उजवा. झडप त्याच कानामागे होती. काम म्हणजे तारांना कथलाचा डाग लावणं, चिकटवणं; ऐकणं त्यांच्या लेखी कामात धरलेलंच नव्हतं. मी समोर बसलो होतो. "आता गातोय," ते म्हणाले. डिंक वाळायला स्पीकर राहू द्या, असंही म्हणाले.

दहा-बारा दिवसांनी उभं राहिलं की जब्बारभाईंचं डोकं दुखू लागलं. आडवं झालं की थांबायचं. गणपतीच्या कामांचं जागरण झालंय, म्हणून त्यांनी ते अंगावर काढलं. २४ सप्टेंबरला भाभींनी त्यांना रिक्षातून आणलं तेव्हा शब्द तोंडातल्या तोंडात अडकत होते. डॉक्टरांनी होकायंत्रासारखं उपकरण कानामागे धरून आकडा पाहिला. पन्नास. एक्स-रेतही पन्नास. स्कॅनमध्ये दोन्ही बाजूंना रक्त.

"चुंबक आला कुठून?" डॉक्टरांनी विचारलं. भाभी म्हणाल्या, ते रेघ ओलांडत नाहीत. मी दाखल करून घेण्याचे कागद घेऊन तिथेच उभा होतो.

"ते कानाला लावतात," मी म्हणालो.

"कोणत्या?"

"उजव्या."

"तुम्ही पाहिलंत?"

"हो. माझाच स्पीकर होता."

डॉक्टरांनी ते केसपेपरवर लिहून घेतलं. भाभी माझ्याकडे बघत राहिल्या.

आकडा दोनशेवर नेला, रक्त काढलं. दोन ऑक्टोबरला पहाटे जब्बारभाई गेले.

चाळीस दिवसांनंतर भाभींनी दुकान रिकामं केलं आणि माझा स्पीकर घरी आणून दिला. त्याला जब्बारभाईंच्या अक्षरातली चिठ्ठी बांधलेली होती: कॉइल बदलली, ८५ रु. मी पाकीट काढलं. "राहू द्या," त्या म्हणाल्या, "ज्यांनी काम केलं त्यांना द्यायचे होते." आणि जिना उतरून गेल्या. नंतर त्या विश्रांतवाडीला बहिणीकडे राहायला गेल्या. मी त्यांना दोनदा मनिऑर्डर केली, दोन्ही वेळा परत आली.

पंच्याऐंशी रुपये देणे बाकी आहे.