केळीच्या बागेतला रुमाल लॅबमध्ये चालत नाही

फैजपूरच्या मित्रांनो, आज माझे डोळे वाचले, ते शिरपूरच्या एका अक्कांमुळे.

मी इथं गुजरातमध्ये कंपनीच्या लॅबमध्ये हेल्पर आहे, अक्का तिथंच काचसामान धुतात. सकाळी झोंबणाऱ्या पांढऱ्या पावडरीची बाटली फुटली. मी हुशार! चष्मा, मास्क सोडून आपला बागेतला रुमाल तोंडाला बांधला आणि कोरडा झाडू मारला. पावडर उडाली, डोळ्यांची आग आग झाली. तोच रुमाल सोडून डोळे पुसणार, तेवढ्यात अक्कांनी मनगट धरलं.

"पुसू नको रे! बठ्ठी पावडर त्या रुमालमाच शे!" खरंच, उडालेली सगळी पावडर रुमालातच बसली होती.

नळाखाली वाकवून पंधरा मिनिटं डोळे धुवायला लावले. मी म्हटलं, "अक्का, बस ना आता."

"घड्याळ मी देखस, तू डोळा उघडा ठेव."

डॉक्टर म्हणाले, लगेच धुतले म्हणून निभावलं. परत आलो तर अक्कांनी चष्मा, मास्क, हातमोजे घालून ओल्या फडक्यानं सगळी पावडर टिपून घेतलेली. शाळा माझ्याइतकीच, पण काय बाई आहे!

आता खरं सांगा, फवारणीला तोंडाला बांधलेल्या रुमालानंच तुम्ही नंतर घाम पुसता ना?